शेवेनं बंद पाडलेला किऑस्क: हॉटेलात टचस्क्रीन मशीन वापरल्यानंतर

गिऱ्हाइकानं स्वतः ऑर्डर द्यायच्या आमच्या किऑस्कचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेला असं सांगून विक्रेत्यानं बावीस हजारांचं कोटेशन पाठवलं, म्हणून हे लिहायला बसलोय. मदरबोर्ड गेला नव्हता. शेव अडकली होती.

आमचं हॉटेल पुणे-नाशिक हायवेवर, नारायणगावजवळ. सकाळी मिसळ आणि भजी, दुपारी मासवडीची थाळी. शनिवार-रविवारी शिवनेरीची गर्दी, चतुर्थीला ओझर आणि लेण्याद्रीची. काउंटरवर रांग दिसली की गाड्या थांबायच्या आणि तशाच पुढं निघून जायच्या. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर उभा किऑस्क घेतला. ३२ इंची, अँड्रॉइड, खाली बिलाचा प्रिंटर, पैसे यूपीआयनं. पावसाळ्यात आतल्या हॉलसाठी दुसरा घेतला, भिंतीवरचा, लहान. रॅम किती, रिझोल्यूशन किती हे ब्रोशरमध्ये असतंच, ते इथं परत लिहीत नाही. मेन्यूतल्या पदार्थांचे फोटो दाखवायला आणि बेरीज करायला आजचा कुठलाही बोर्ड पुरतो.

विक्रेता ज्याबद्दल स्वतःहून बोलत नाही ती गोष्ट म्हणजे टच कुठल्या प्रकारचा आहे. आमचा मोठा किऑस्क इन्फ्रारेडवाला. काच साधीच असते. तिच्याभोवतीच्या फ्रेममध्ये दोन बाजूंना इन्फ्रारेड एलईडी आणि त्यांच्या समोर सेन्सर, म्हणजे काचेच्या किंचित वर न दिसणाऱ्या किरणांची जाळी. बोट आडवं आलं की एक उभा आणि एक आडवा किरण अडतो, त्यावरून मशीनला जागा कळते. स्वस्त आणि सुटसुटीत काम. पण या जाळीसाठी फ्रेम काचेपेक्षा वर उचललेली असते, आणि फ्रेम व काच यांच्यामध्ये चारी बाजूंनी खाच राहते.

ती खाच. माझं सगळं भांडण तिच्याशी आहे.

लोक हातात भज्याची पुडी घेऊन ऑर्डर देतात. पोरं मिसळीच्या ताटलीतली शेव चघळत येतात आणि 'अजून पाव' दाबतात. भुगा खाली पडतो आणि खालच्या खाचेत बसतो. मशीनच्या लेखी किरण अडला म्हणजे बोट आलं, मग ते बोट असो, शेवेचा तुकडा असो, माशी असो की वाकून बघणाऱ्या बाईंचा पदर असो. आमच्या मेन्यूत खालच्या कोपऱ्यात 'एक्स्ट्रा तर्री' होती. ती आपोआप दाबली जायची. आम्ही समजायचो लोकांना तर्री फारच आवडते.

अंगारकीच्या दिवशी, नेमक्या गर्दीच्या वेळी, स्क्रीन कुणाचंच ऐकेना. रीस्टार्ट केलं, तरी तेच. विक्रेत्याच्या माणसानं फोनवर दोन प्रश्न विचारले आणि तिसऱ्या वाक्याला मदरबोर्ड काढला. वॉरंटी चालू आहे म्हटल्यावर म्हणाला, "शेठ, बोर्ड वॉरंटीत आहे, पण व्होल्टेजनं गेला असेल तर नाही."

मुलानं घरचा कॉम्प्युटरचा माउस आणून किऑस्कच्या यूएसबीत खोचला. बाण आला, मेन्यू उघडला, ऑर्डर गेली, बिल छापलं. माउसनं सगळं चालतंय म्हणजे बोर्ड ठणठणीत, रोग टचमध्ये. ही युक्ती फुकट आहे, कुणीही करावी. त्यापुढची पायरी अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे एरवी लपलेल्या सेटिंगमध्ये, 'पॉइंटर लोकेशन' म्हणून सापडते. ती चालू केली की जिथं स्पर्श होतो तिथं स्क्रीनवर फुली उमटते. आमच्याकडे कुणी हात लावलेला नसताना खालच्या उजव्या बाजूला फुली ठाण मांडून बसलेली. रंगकामाचा एक इंची ब्रश आणला, कोरडाच खाचेतून फिरवला. जे निघालं ते तळहातावर मावलं नाही. मशीन चालू.

चांगल्या प्रतीच्या फ्रेममध्ये कायम अडलेला किरण कंट्रोलर स्वतःच ओळखतो आणि सोडून देतो. आमच्या फ्रेममध्ये ती अक्कल नाही. हे डेमोच्या वेळी तपासता येतं. खाचेत काहीतरी ठेवायचं आणि बाकीची स्क्रीन चालते का ते बघायचं. आळेफाट्याला माझा भाचा ज्यूस सेंटर काढतोय, त्याला मी खिशात शेवेची पुडी घालूनच दुकानात पाठवला. तिथल्या पोरानं मशीनला हात लावू दिला नाही म्हणे. म्हणजे उत्तर मिळालं.

सर्व्हिसबद्दल एवढंच. बिलावर 'एक वर्ष ऑनसाइट' छापलं होतं. आम्हाला वाटलं माणूस इथं येणार. त्यांच्या हिशेबात पहिले तीस दिवस ऑनसाइट, पुढं मशीन आपण पुण्याला पोचवायचं. दोन माणसांना न उचलणारं ते धूड टेम्पोत घालून! शिवाय टच फ्रेम 'कन्झ्युमेबल'मध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत, प्रिंटरच्या रोलबरोबर. मी विचारलं, टचस्क्रीन किऑस्कमध्ये टचच वॉरंटीत नसेल तर मग वॉरंटी कशाची, लोखंडी डब्याची? त्यावर मला एक फॉर्म मेल करण्यात आला. तुम्ही घेत असाल तर 'टच फ्रेम' हे दोन शब्द वॉरंटीच्या कागदावर हातानं लिहून सही घ्या. बाकी, फ्रेम बोर्डाला एका यूएसबी वायरीनं जोडलेली असते. त्याच मापाची फ्रेम मिळाली तर चार स्क्रू आणि एक वायर एवढंच काम, काच वेगळी घ्यावी लागत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करून ठेवलीय, अजून वेळ आलेली नाही.

आणि जीएसटी. मशीन ९५ हजार, वर १८ टक्के म्हणजे १७,१०० रुपये. "तो तर तुम्हाला परत मिळतोच", असं विक्रेता हसत म्हणाला. आमच्यासारखी हॉटेलं गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेतात आणि त्या दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नसतं. २०१७च्या नोव्हेंबरपासून हेच आहे. कपड्याच्या दुकानदाराला जे परत मिळतं ते हॉटेलवाल्याला मिळत नाही. तेव्हा आमच्या लोकांनी किंमत बोलताना करासकटच बोलावी, हसण्यावर जाऊ नये.

दुसरा किऑस्क मी मुद्दाम पीकॅप घेतला, म्हणजे मोबाइलसारखा. काच सपाट, कडेला खाच नाही, शेव पडली तर सरळ फरशीवर. ओल्या फडक्यानं पुसता येतो, पुसताना फक्त स्क्रीन बंद ठेवायची, नाहीतर फडकंच पाच थाळ्या मागवतं. महाग पडला, पण पहिला महिना मी येईल त्याला सांगत होतो की घ्यायचा तर हाच घ्या, इन्फ्रारेडचं नावही काढू नका.

ते मत आता तसंच राहिलेलं नाही, आणि ते बदललं ते टोमॅटोवाल्यांमुळं.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून शेतकरी आमच्याकडे नाश्त्याला येतात. हात कष्टाचे, कातडी जाड आणि कोरडी, बोटं टोमॅटोच्या झाडानं काळी पडलेली. पीकॅप त्यांचं ऐकतच नाही. दाबतात, पुन्हा दाबतात, मग नखानं टोकरतात. एक बाबा वैतागून म्हणाले, "आवं, ह्यो मला वळखंना!" कारण असं की पीकॅप बोटानं विजेच्या क्षेत्रात होणारा बारीक फरक मोजतो. कातडी जाड आणि कोरडी असली की तो फरक क्षीण होतो, त्यात वर पोराटोरांच्या धक्क्याला टिकावी म्हणून जाड टफन्ड काच. विक्रेत्याकडून फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्रॅम, बदलून संवेदनशीलता वाढवून घेतली. बाबांची बोटं ओळखू लागला, पण मग हात धुऊन आलेल्या माणसाच्या बोटावरच्या पाण्यानंही ऑर्डरी पडायला लागल्या. एक धरायला जावं तर दुसरं सुटतं. शेवटी मधे कुठंतरी ठेवलंय, आणि शेजारी टिश्यूचा डबा. टिश्यूचा खर्च माझाच.

बाहेरच्या इन्फ्रारेडला मात्र बोट कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही. घट्टे पडलेलं, मोजा घातलेलं, नख, पेनाचं टोपण, सगळं चालतं. त्यामुळं आता बाहेर इन्फ्रारेड आणि ब्रश, आत पीकॅप आणि टिश्यू, असा कारभार आहे. गिऱ्हाईक ऑफिसवालं असेल, हात कोरडे-स्वच्छ असतील, तर पीकॅपला तोड नाही. सिमेंटचं दुकान, खताचं दुकान, बाजार समितीजवळचं हॉटेल असेल तर इन्फ्रारेड घ्या आणि खाच रोज साफ करा. रोज म्हणजे रोज. आमच्याकडे गल्ला मोजायच्या आधी ब्रश फिरतो.

ऊन. बाहेरचा किऑस्क आधी पश्चिमेला तोंड करून ठेवला होता. एप्रिलमधल्या दुपारी स्क्रीनच्या मधोमध काळा डाग पडला, शाई सांडावी तसा. विक्रेता लगेच पॅनेल बदलायच्या गोष्टी करू लागला. रात्री डाग गायब, दुसऱ्या दुपारी परत हजर. एलसीडीतलं द्रव स्फटिकाचं मिश्रण ठरावीक तापमानापुढं गेलं की काम सोडतं आणि थंड झालं की पूर्ववत होतं. वरची काच आणि पॅनेल यांच्यात हवा असेल तर उष्णता आणखी कोंडते. तोंड उत्तरेला केलं, डाग गेला. उजेडात दिसण्याचं म्हणाल तर मागच्या स्टिकरवरचा पॅनेलचा मॉडेल नंबर स्वतः शोधून निट्स, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, बघा. घरच्या टीव्हीचं अडीचशे-तीनशे निट्सचं पॅनेल घालून त्याला कमर्शियल म्हणणारे भेटतात. सावलीत ते चालतंही. दारात निदान सातशे हवेत, भर उन्हात त्याहून बरेच जास्त.

लाइट गेली आणि आली की मशीन आपोआप चालू व्हायला हवं, हेही घेण्याआधी प्लग काढून, परत लावून बघा. आमच्या लहान मशीनला बटण दाबावं लागायचं आणि बटण कुलपाच्या आत. बोर्डातल्या एका सेटिंगनं सुटलं, पण ते सेटिंग आहे हे सांगायला त्यांना आठवडा लागला.

किचनमधली केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, मराठीतच लागते, कारण आमचा आचारी इंग्रजी वाचत नाही. बहुतेक बिल प्रिंटरच्या आत देवनागरीची अक्षरं नसतात. सॉफ्टवेअरनं ओळीचं चित्र करून पाठवलं तरच नीट छापतं, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं. आमच्याकडे सुरुवातीला जोडाक्षरं तुटून यायची, आता ठीक आहे.

माणूस वाचला का? नाही. किऑस्कजवळ एक मुलगी उभी करावीच लागली. नेट गेलं की क्यूआर येत नाही, कधी पैसे कटतात आणि टोकन निघत नाही, मग तीच काउंटरवर येऊन मिटवते. आजोबा-आजींना तिच्याशीच बोलायचं असतं. पण चतुर्थीला रांग आता रस्त्यापर्यंत जात नाही, आणि थाळीसोबत ताक घेणारे वाढलेत, कारण मशीन प्रत्येकाला विचारायला विसरत नाही, आमचा वेटर विसरायचा. नफ्या-तोट्याचा हिशेब घरच्यांनी मांडायला घेतलाय, त्यात मी पडत नाही.

वार्षिक देखभालीचा करार मी केलेला नाही. त्यात टच फ्रेम नव्हतीच, होती ती 'क्लीनिंग', वर्षातून चार वेळा. प्रिंटरच्या कटरबद्दलही बरंच सांगण्यासारखं आहे, पण तो अजून वॉरंटीत आहे आणि माणूस उद्या येतो म्हणालाय, तेव्हा तूर्त गप्प बसतो.