ठिबकच्या अनुदानाचे ९६,८०० रुपये असे बुडाले

राग दुकानदाराचा आहेच, पण जास्त राग त्या दिवसाचा येतो, ज्या दिवशी टेम्पोतून नळ्यांची बंडलं उतरली आणि एकाही नळीवर आयएसआयची छपाई नव्हती. मी बघितलं. विचारलंही. "नवीन लॉट आहे, छपाई कागदावर येते," असं उत्तर मिळालं. नळीची छपाई कागदावर! पण कपाशीची लागवड तोंडावर, मजूर बांधावर उभे. अशा वेळी माल परत पाठवणारा शेतकरी कोणी दाखवावा.

दुकानदाराचा हिशोब सरळ होता. अडीच एकराचं बिल १,२१,०००. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याच्या योजनेतून २५ मिळून ८० टक्के, म्हणजे ९६,८०० खात्यावर. वर फाईलचा खर्च म्हणून ६,००० रोख, पावती नाही. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, अर्जाला २३ रुपये ६० पैसे लागतात, मग सहा हजार कुणाच्या खिशात गेले ते तुम्हीच ओळखा. बायकोचे दागिने तारण ठेवून पैसे भरले. अर्जही त्यानेच भरला, मोबाईल नंबर स्वतःचा टाकून. त्यामुळे एकही मेसेज मला आला नाही. नंबर स्वतःचाच द्या.

पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची कृषी खात्याची मंजुरी, यायच्या आत त्याने माल टाकला आणि बिलही त्याच तारखेचं फाडलं. पूर्वसंमतीच्या आधीची खरेदी अनुदानात बसत नाही, हे दुकानात बसणाऱ्याला माहीत नसेल? मोका तपासणीत, म्हणजे शेतात येऊन केलेल्या पाहणीत, दोन्ही गोष्टी निघाल्या: बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची, आणि बिलावर नामांकित कंपनी तर शेतात बिनछापाची नळी. अर्ज बाद.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात म्हणाले, पोर्टलवर बाद झालेलं आम्हाला उघडता येत नाही, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणाले, तालुक्याचा अहवाल आणा. तालुक्यात साहेब मिटिंगला. विक्रेत्यावर कारवाई करा म्हटलं तर "लेखी द्या". लेखी दिलं तर पोच द्यायला शिक्का सापडेना. पोलीस म्हणाले, हा दिवाणी व्यवहार. शेतकऱ्याचा अर्ज बाद करायला तपासणी होते, दुकानाची तपासणी कोण करतं?

नंतर दुसऱ्या दुकानात तेवढ्याच नळ्यांचा भाव काढला: रोखीने ६४,०००, अनुदानात घेतलं तर वेगळा दर. कारण न सांगता कळलं. सरकार ८० टक्के देतं, दुकानदार भाव तेवढा चढवून ठेवतो, आणि गावात वाटतं शेतकऱ्याला फुकट मिळालं. बिलाआधी रोखीचा भाव विचाराच. ओटीपी सांगू नका. पूर्वसंमतीचं पत्र स्वतः वाचल्याशिवाय एक बंडलही शेतात उतरू देऊ नका.

ग्राहक आयोगात दावा टाकलाय. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, हे कुठल्या साहेबाने नाही, एका वकिलाच्या कारकुनाने सांगितलं. पूर्वसंमतीआधीच्या तारखेची बिलं तुमच्याकडेही असतील तर फाडू नका, तोच पुरावा आहे.