झ्युरिकचा बागुलबुवा: ब्योगचं दहन बघायला जावं का, आणि कसं बघावं

आधी निकाल सांगून टाकतो. एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडला जाणार असाल आणि तारखा जुळत असतील, तर एका डोंगराची फेरी कमी करा आणि झ्युरिकमधला एक सोमवार ब्योग या बाहुल्याच्या दहनाच्या सोहळ्यासाठी ठेवा. बघायला पैसे लागत नाहीत. फक्त चार-पाच तास उभं राहायची तयारी हवी आणि कुठे, किती वाजता उभं राहायचं ते माहीत हवं. ते माहीत नसेल तर समोरच्यांच्या पाठी आणि लांबून दिसणारा धूर, एवढंच पदरी पडतं.

सोहळ्याचं नाव झेक्सेलॉयटन. ‘झेक्स’ म्हणजे सहा, ‘लॉयटन’ म्हणजे घंटा वाजणं. जुन्या झ्युरिकमध्ये हिवाळ्यात कारागिरांचं काम उजेड मावळेपर्यंत चाले. वसंतसंपात उलटला की ग्रोसम्युन्स्टर चर्चची घंटा संध्याकाळी सहाला वाजायची आणि काम थांबायचं. उजेड शिल्लक असताना हातातलं काम खाली ठेवायला मिळणं, हाच त्या कारागिरांचा सण. आज तो एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि ईस्टरच्या आसपास येत असेल तर पुढे सरकतो. 2025 मध्ये तिसरा सोमवार ईस्टरचाच होता, म्हणून दहन 28 एप्रिलला झालं. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख बघून घ्या.

सोहळ्याचा नायक ब्योग. हा शब्द मुखवटा घातलेल्या, भीती दाखवणाऱ्या आकृतीसाठी होता. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: बागुलबुवा. क्राट्झ नावाच्या जुन्या वस्तीतली पोरं अशा बाहुल्या ओढत फिरवायची आणि जाळायची. 1892 मध्ये कारागिरांच्या संघांनी तो आपल्या सोहळ्यात घेतला, आणि तलावाकाठच्या आजच्या जागी तो 1902 पासून जळतो आहे. हिवाळ्याचा बाहुला म्हणून त्याला स्नोमॅनचं रूप मिळालं. पांढरा, गोलमटोल, तोंडात पाइप, हातात झाडू. होलिका आठवेल, पण फरक आहे. इथे कुणाच्या पापाची शिक्षा नाही. हिवाळ्याला निरोप आहे, आणि तोही वेळापत्रकानुसार.

वेळापत्रक हा या गावाचा जुना स्वभाव. ग्रोसम्युन्स्टरमध्ये धर्मसुधारक हुल्ड्रिख झ्विंगली 1519 च्या 1 जानेवारीपासून प्रवचन देऊ लागला आणि पुढच्या काही वर्षांत चर्चमधली चित्रं गेली, ऑर्गनही गप्प झाला. 1530 च्या फर्मानाने चर्चला हजेरी सक्तीची केली आणि जुगारावर बंदी घातली. आजचं झ्युरिक मोकळं आहे, पण सवय राहिलीच आहे. कचरा टाकायचा तर ठरावीक विकतच्या पिशवीत, रिकाम्या बाटल्या काचेसाठीच्या डब्यात टाकायच्या तर ठरलेल्या वेळेत आणि रविवारी नाहीच. रात्री दहानंतर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला तुमची धुलाई यंत्राची घरघर खपत नाही. अशा गावात एका दुपारी हजारो माणसं रस्त्यावर उभी राहून एका कापसाच्या बाहुल्याचं डोकं कधी फुटतं याची वाट बघतात. ट्रॅमच्या वेळा मिनिटात सांगणाऱ्या गावात ही एकच वेळ कुणालाही आधी सांगता येत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आता बाहुल्याकडे वळू. उंची साधारण साडेतीन मीटर, वजन ऐंशी ते शंभर किलोच्या घरात. आत लाकडी सांगाडा, त्यात लाकडाच्या लांब, केसांसारख्या तासण्या ठासून भरलेल्या, वरून कापूस. अंगभर पेरलेले फटाके, साधारण 140, आणि सगळ्यात मोठा बार डोक्यात. हा बाहुला ज्या सरणावर चढवतात ते सुमारे दहा मीटर उंच, खाली रुंद आणि वर निमुळतं, मधे खांब. हे गणित समजून घ्या, कारण बघताना होणारा सगळा गोंधळ त्यातूनच येतो. आग खालून लागते आणि बाहुला दहा मीटर वर असतो. सरण पेटल्याबरोबर ज्वाळा मोठ्या दिसतात, पण त्या ब्योगच्या पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो. मग एकेक फटाका फुटतो, झाडू जातो, हात गळतो, पांढरं अंग काळं पडत जातं. डोकं सगळ्यात वर आणि सगळ्यात शेवटी. सरण पेटल्यापासून डोक्याचा बार उडेपर्यंतची मिनिटं मोजली जातात आणि त्यावरून उन्हाळा कसा जाणार ते सांगितलं जातं. लवकर फुटलं तर उन्हाळा चांगला.

उशीर का होतो, त्याची कारणं साधी आहेत. सरणाचं लाकूड पावसाने भिजलेलं असेल तर आग नुसती धुमसते. वारा असेल तर ज्वाळा एका बाजूला वाकतात आणि डोकं त्यांच्या आवाक्याबाहेर राहतं. कधी बाहुला डोकं शाबूत असतानाच कलतो किंवा खाली पडतो. आतापर्यंतची सर्वांत कमी वेळ 1974 मधली: 5 मिनिटं 7 सेकंद. सर्वांत जास्त 2023 मधली, पावसात: 57 मिनिटं. त्याआधीचा विक्रम 2016 चा, सुमारे 43 मिनिटांचा. म्हणजे घरून निघताना एका तासाचा हिशेब धरूनच निघा. बरोबर लहान मूल असेल तर खाऊ हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाला नको.

भाकिताचं काय? 2003 मध्ये डोकं 5 मिनिटं 42 सेकंदांत उडालं आणि तो उन्हाळा युरोपभर भीषण तापला. हे उदाहरण सगळे सांगतात. 2022 मध्ये मात्र जवळपास 38 मिनिटं लागली, आणि तो उन्हाळा स्वित्झर्लंडमध्ये 2003 नंतरचा सर्वांत उष्ण ठरला. हवामान खात्याने आकडे तपासले आहेत, संबंध काही सापडलेला नाही. तरीही शेजारी उभी असलेली पांढऱ्या केसांची आजी घड्याळ हातात धरून मोजत असते, आणि दहाव्या मिनिटाला तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसते. तिला आकडेवारी ऐकवू नका. तिच्याबरोबर मोजा.

सर्वांत मोठी जोखीम वाऱ्याची आहे, आणि ती नीट समजून जा. 15 एप्रिल 2024 ला मिरवणूक झाली, सरण उभं राहिलं, गर्दी जमली, पण झोताचा वारा इतका होता की ठिणग्या गर्दीवर उडाल्या असत्या. दहन रद्द झालं. ब्योग पुढे 22 जूनला हायडन या गावी, म्हणजे त्या वर्षी सोहळ्याला पाहुणा असलेल्या कॅन्टनमध्ये (स्विस प्रांतात), जाळला गेला. निर्णय योग्यच होता, पण त्या एका संध्याकाळसाठी गेलेल्यांचा विरस झाला. 2021 मध्ये साथीमुळे तो गर्दीविना शोलेनेनच्या घळीत जाळला होता, 2020 मध्ये तर सोहळाच नव्हता. 1944 मध्ये युद्धकाळात मैदानावर शेती चालू होती म्हणून जागा बदलली होती. म्हणून केवळ ब्योगसाठी विमानाचं तिकीट काढू नका. सहलीत तो सोमवार बसवा.

दिवस असा आखा. रविवारी दुपारी लहान मुलांची मिरवणूक असते, जुन्या वेशांत. मुलं बरोबर असतील तर ही अजिबात चुकवू नका. गर्दी कमी, पुढे उभं राहायला मिळतं, आणि सोमवारच्या मोठ्यांपेक्षा ही पोरं जास्त हसतात. सोमवारी दुपारी शहरातली बरीच कार्यालयं आणि दुकानं बंद होतात, तेव्हा खरेदी सकाळीच उरका. दुपारी तीनच्या सुमारास संघांची मिरवणूक निघते. एकूण 26 संघ, साधारण साडेतीन हजार माणसं, घोडे, बग्ग्या, बँड. बानहोफश्ट्रासे आणि नदीकाठचा लिम्माटके हे तिचे मुख्य रस्ते. बसून बघायची आसनं तिकिटावर मिळतात, पण कठड्याला लागून उभं राहणं जास्त चांगलं, कारण खरी मजा जवळून आहे. बघ्यांमधल्या बायका ओळखीच्या माणसाला फुलं द्यायला रांगेत धावत शिरतात. मिरवणूक संपेपर्यंत एकेका माणसाच्या दोन्ही काखांत गुच्छ, पट्ट्यात गुच्छ, तलवारीच्या मुठीलाही फूल, आणि तो तरीही पुढे ताठ चालतोय. बेकऱ्यांचा संघ गर्दीत छोटे पाव फेकतो. झेलायचे असतात, हात वर ठेवा.

एक चूक बहुतेक पाहुणे करतात: मिरवणूक शेवटपर्यंत बघतात आणि मग ब्योगकडे धावतात. तोवर चौक भरलेला असतो. दोन्ही नीट बघायचं असेल तर मिरवणुकीचा पहिला तास बघा, साडेचारला निघा आणि पाचच्या आत झेक्सेलॉयटनप्लाट्झ गाठा. हा ऑपेरा हाउससमोरचा चौक, व्हाल्सच्या क्वार्टझाइट दगडाने 2014 मध्ये नव्याने फरसबंद केलेला. दगड तापून फुटू नये म्हणून त्यावर वाळू-मातीचा थर टाकतात. रेल्वेने श्टाडलहोफन स्थानकात उतरा, ते मैदानाच्या मागेच आहे. चौकाशेजारच्या बेलव्ह्यू थांब्याला येणाऱ्या ट्रॅम मिरवणुकीमुळे बंद किंवा वळवलेल्या असतात, तेव्हा ट्रॅमच्या भरवशावर राहू नका. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर शहरातली गाडी त्यातच येते. पोचल्यावर आधी धुराचा विचार करा. वारा कुठून येतोय ते झेंड्यांवरून बघा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला जागा धरा. धूर जातो त्या बाजूला उभे राहिलात तर अर्धा तास डोळे चोळण्यात जातो आणि जॅकेटचा वास आठवडाभर जात नाही. कुणी उंच माणूस समोर असेल तरी घाबरू नका, ब्योग दहा मीटर वर आहे, तो दिसतोच. दिसत नाहीत ते घोडेस्वार. त्यांना बघायचं तर कठड्यापाशीच जागा हवी. सहाच्या ठोक्याला सरण पेटतं, झेक्सेलॉयटनचं ठरलेलं मार्चगीत वाजू लागतं आणि संघांचे स्वार आगीभोवती घोडे दौडवतात. इतक्या जवळून खुरांचा धमधमाट पायाखालच्या मातीतून जाणवतो. डोकं फुटल्यावर मात्र क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग संपूर्ण गाव एकदम ओरडतं. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा, बार मोठा असतो. कानात बोळे चालतील. एप्रिल आहे म्हणून हलके कपडे घालून जाऊ नका, सूर्य मावळला की तलावावरून गार वारा येतो आणि पाऊसही येऊ शकतो. छत्री मागच्यांना त्रास देते, टोपीचा रेनकोट बरा.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. हे संघ आजही पुरुषांचेच आहेत. 1989 मध्ये स्थापन झालेली स्त्रियांची फ्राउम्युन्स्टर सोसायटी मिरवणुकीत चालते ती पाहुणी म्हणून. ज्या गावातल्या बायका सगळ्या पुरुषांना फुलं देतात, त्यांना रांगेत हक्काची जागा मिळू नये, हे चुकीचं आहे आणि बदललं पाहिजे. दुसरं, घोडे. बार, आग, गर्दी आणि बँड यांमध्ये त्यांना दौडवण्यावर प्राणीप्रेमींचा आक्षेप आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. तिसरं, कॅम्बेल संघाचा ‘अरबी’ वेश पाहून काहींना अवघडल्यासारखं होईल. रात्री संघ आपापल्या वाड्यांत जेवतात आणि कंदील घेऊन एकमेकांकडे जातात. तो भाग बाहेरच्यांसाठी नाही, पण रात्री जुन्या गल्ल्यांतून जाताना ते कंदील दिसतात आणि तेवढंच पुरेसं आहे. संघांच्या वाड्यांमधली उपाहारगृहं इतर दिवशी सर्वांना खुली असतात.

माणसं घरी जातात तेव्हा तुम्ही जाऊ नका. सरण खाली बसलं, अग्निशामक दलाने आजूबाजू सुरक्षित केली आणि कठडे उघडले की लोक लांब काठ्या आणि फावडी घेऊन निखाऱ्यांपाशी येतात आणि सर्वेला भाजतात. सर्वेला म्हणजे गाय आणि डुक्कर यांच्या मांसाचं आधीच शिजवलेलं सॉसेज, साधारण शंभर ग्रॅमचं. भाजायची पद्धत अशी: दोन्ही टोकांना चाकूने फुलीसारखा छेद द्यायचा, दोन-तीन सेंटिमीटर खोल, मग काठीला टोचायचं. तापलं की चारही पाकळ्या बाहेर वळतात आणि कडा काळसर कुरकुरीत होतात. छेद दिला नाही तर मधे फुटतं आणि रस आगीत जातो. ज्वाळेवर धरू नका, निखाऱ्यावर धरा. पाच-सात मिनिटं पुरतात. याच गावात 9 मार्च 1522 ला फ्रोशाउअर नावाच्या छपाईवाल्याच्या घरी उपवासाच्या काळात सॉसेज खाल्ली म्हणून केवढा गहजब झाला होता. झ्विंगलीने तिथे बसून स्वतः खाल्लं नाही, पण नंतर प्रवचनातून खाणाऱ्यांची बाजू घेतली. त्याच्या चर्चचे दोन मनोरे आगीच्या उजेडात या मैदानावरून दिसतात.

मांसाहार नको असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. दुकानं बंद असतात, म्हणून सकाळीच लहान बटाटे, एखादं रताळं आणि अॅल्युमिनियमची फॉइल घेऊन ठेवा. वांगं मिळालं तर तेही घ्या, पण त्याला आधी दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर वाफेने फुटतं. निखारे मोठे असतात, त्यामुळे काठी किमान दीड मीटर हवी आणि हातमोजे कापडी हवेत, नायलॉनचे वितळतात. बटाट्याला अर्धा तास, वांग्याला पंधरा-वीस मिनिटं. मीठ आणि तिखटाची पुडी घरून न्यायला विसरू नका, तिथे मिळणार नाही.