होल ग्रेन रॅपचा पिझ्झा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले बरेच महिने घरी पिझ्झा करायचा म्हटलं की बेससाठी माझ्या हातात होल ग्रेन रॅपचं, म्हणजे अख्ख्या धान्याच्या पिठाच्या पातळ तयार पोळ्यांचं, पाकीटच येतं. नव्याच्या नवलाईत काहीही छान वाटतं, म्हणून भरपूर वापर होईपर्यंत लिहायचं टाळलं होतं. आता खात्रीने सांगते, हा प्रकार मला मनापासून आवडलाय आणि मी तो सोडणार नाही. मात्र तो जमणार की फसणार हे ठरतं पाण्यावर. वर घातलेल्या प्रत्येक गोष्टीतलं पाणी सांभाळलं की रॅप कुरकुरीत राहतो, नाही सांभाळलं तर कितीही चांगला रॅप आणा, मधोमध लगदाच होतो.

आधी अपेक्षेचं बोलू. जाड, फुगीर कडेचा, आत जाळी पडलेला पिझ्झा हवा असेल तर रॅप त्यासाठी नाहीच. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ४३० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो. आंबवलेल्या पिठातली हवा त्या धगीने एकदम प्रसरण पावते, म्हणून कड टम्म फुगते. घरच्या ओव्हनला तेवढी धग नसते आणि बहुतेक रॅपमध्ये यीस्टही नसतं. रॅपवर मिळतो तो पातळ, कडेला खमंग, चावल्यावर कुडुम वाजणारा पिझ्झा. त्याची चव वेगळी आहे आणि मला ती तशीच आवडते.

होल ग्रेन पीठ इथे शोभून दिसतं त्याला कारण आहे. अख्ख्या धान्यातला कोंडा ग्लुटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची, जाळी जागोजाग तोडतो, त्यामुळे अशा पिठाचा आंबवलेला बेस नीट फुगत नाही आणि जड होतो. रॅपला मुळात फुगायचंच नसतं. शिवाय कोंडा आणि अंकुर भाजल्यावर जो खरपूस वास सुटतो, तो मैद्याच्या रॅपला येत नाही.

रॅप विकत घेताना पाकिटाची पुढची बाजू मी बघतच नाही. 'मल्टिग्रेन' म्हणजे फक्त एकापेक्षा जास्त धान्यं, ती अख्खी असतीलच असं नाही. तपकिरी रंगही कॅरॅमलचा असू शकतो. मागे घटकांची यादी असते, तिच्यात सगळ्यात जास्त असलेला घटक पहिला लिहितात. तिथे अख्ख्या धान्याचं पीठ नसेल तर पाकीट जागेवर ठेवते. मग एकूण कार्बोहायड्रेटला फायबरने भागते. उत्तर दहा किंवा त्याहून कमी आलं तर रॅप चांगला. सोडियमही बघावंच लागतं, कारण मीठ आणि बेकिंग पावडर या दोन्हींतून ते येतं आणि एका मोठ्या रॅपमध्ये ३०० ते ४०० मिलिग्रॅम सहज भरतं.

आता मुख्य मुद्दा, पाणी. रॅप पातळ असतो, ओलावा शोषून घ्यायला त्याच्यात जागाच नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे नुसता रॅप आधी भाजणं. ओव्हन २०० ते २२० अंशांना तापवून घ्यायचा, रॅपला काट्याने टोचे मारायचे आणि थेट जाळीवर दोन ते तीन मिनिटं ठेवायचा. ट्रेवर ठेवला तर खालची वाफ अडकते, जाळीवर ती निघून जाते. बाहेर काढल्यावर नखाने टिचकी मारून बघते. कोरडा 'टक्' असा आवाज आला की तयार, आवाज बोदा असेल तर अजून अर्धं मिनिट. टोचे मारायला विसरू नका, नाहीतर मध्येच मोठा फुगा येतो आणि तो भाग आधी जळतो.

दुसरी पायरी क्रमाची. मी चीजचा पातळ थर सर्वात खाली घालते, त्यावर सॉस, मग भाज्या आणि वर पुन्हा थोडं चीज. खालचं चीज वितळून सॉस आणि रॅप यांच्यामध्ये स्निग्ध पडदा धरतं. एवढ्या एका बदलाने तळ किती वेळ कडक राहतो ते करून बघाच.

सॉस दाट हवा. दोन मोठे चमचे पुरतात. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं, म्हणून टोमॅटो लसणीबरोबर थोड्या ऑलिव्ह तेलात आटवायचे. चमच्याने भांड्याच्या तळावर रेघ ओढली की ती दोन सेकंद तरी बुजता कामा नये, इतकं आटवायचं. यात आणखी एक लाभ आहे. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो, ते शिजवल्यावर आणि तेलाबरोबर शरीरात जास्त शोषलं जातं. आटवलेल्या टोमॅटोला अंगची गोडी येते, त्यामुळे साखर लागत नाही आणि मीठही अर्ध्यावर येतं.

मश्रूम आणि झुकिनी कच्चे घालूच नका. दोन्हींत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ओव्हनच्या सात-आठ मिनिटांत ते सगळं रॅपवर उतरतं. मश्रूम कोरड्या, कडकडीत तापलेल्या पॅनमध्ये परतते. आधी ते पाणी सोडतात, मग चुरचुर आवाज येतो, मग कडा तांबूस होतात. तेल आणि मीठ त्यानंतर. कांदा आणि ढोबळी मिरची मात्र कागदासारखी पातळ चिरली तर कच्चीही चालते. पालक हाताने दाबून पिळून घ्यायचा. बेसिल आणि रॉकेटची (अरुगुलाची) पानं पिझ्झा बाहेर काढल्यावरच.

ओल्या, ताज्या मोझरेलापेक्षा कमी पाण्याचा, किसता येणारा मोझरेला इथे बरा. ताजाच घ्यायचा असेल तर फाडून अर्धा तास टिपकागदावर ठेवा. एका रॅपला ४० ग्रॅम चीज भरपूर झालं. कमी वाटलं तर वरून चमचाभर पार्मेझान किसा. त्याची चव इतकी तीव्र असते की थोड्यात भागतं.

सगळं रचून झालं की २२० अंशांना सहा ते आठ मिनिटं. कडेला आधी तेलाचा ब्रश फिरवा. कड उघडी असते, तिथे ओलावा नसतो, म्हणून तीच आधी काळी पडते. शेवटची दोन मिनिटं मी ओव्हनसमोरून हलत नाही. चीजचे बुडबुडे मधोमध यायला लागले आणि त्यांवर तपकिरी ठिपके पडले की लगेच बाहेर. मग जाळीवर दोन मिनिटं निवू द्यायचा आणि कात्रीने कापायचा. चाकाच्या कटरने कुरकुरीत कड तुटते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर झाकण ठेवून होतो. तळ उत्तम येतो, वरचं चीज वितळतं पण तांबूस होत नाही. एअर फ्रायरमध्ये नुसता रॅप पंख्याच्या वाऱ्याने उडतो, त्यामुळे पहिल्या भाजणीला वर छोटी जाळी ठेवावी लागते.

हा पिझ्झा हलका का पडतो, याचंही उत्तर मोजून देते. दहा इंची रॅप साधारण ६० ते ७० ग्रॅमचा असतो. त्याच आकाराच्या नेहमीच्या बेसला दोनशे ग्रॅमच्या आसपास भिजवलेलं पीठ लागतं. म्हणजे पीठच निम्म्याहून कमी. चांगल्या होल ग्रेन रॅपमधून पाच-सहा ग्रॅम फायबर मिळतं, भाज्या आणि मूठभर शिजवलेले काबुली चणे घातले की दहाच्या जवळ जातं. मोठ्या माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्या हिशेबात एका जेवणाला हे उत्तमच. मिठाबाबत मात्र सावध राहा. त्याच संघटनेची सोडियमची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत आहे. रॅप, चीज, ऑलिव्ह आणि तयार सॉस असं सगळं एकत्र आलं की एका पिझ्झातच निम्म्यापर्यंत मजल जाते. म्हणून सॉस घरचा, ऑलिव्ह धुऊन घेतलेले आणि खारवलेलं मांस अजिबात नाही. चीज दुप्पट करून खाली होल ग्रेन घातलं तर पिझ्झा आरोग्यदायी होत नाही, हे मी मैत्रिणींना नेहमी सांगते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. हा पिझ्झा थांबत नाही. दहा-पंधरा मिनिटांत खाल्ला नाही तर नरम पडतो, त्यामुळे डब्याला किंवा दहा जणांच्या बैठकीला तो कामाचा नाही. एका वेळी ओव्हनमध्ये दोनच मावतात, म्हणून पहिल्यांदा कोणाला वाढायचं हा प्रश्न उरतोच. आणि ज्याला सपाटून भूक लागलीय, त्याला एक पुरत नाही. सोबत डाळीचं सूप किंवा मोठी वाटी सॅलड ठेवलं तरच दुसऱ्या रॅपची मागणी थांबते.

पाकीट उघडल्यावर रॅप पटकन वाळतात आणि दुमडताना तडकतात. मी प्रत्येक दोन रॅपमध्ये बेकिंग पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवते. लागेल तेव्हा एकेक सुटा निघतो, पाच-दहा मिनिटांत नरम होतो आणि भाजल्यावर ताज्यासारखाच लागतो. पिझ्झासाठी तडकलेला रॅपही चालतो. खालचा चीजचा थर ती भेग धरून ठेवतो.