शाळेच्या बँडनंतरचा सराव: इव्हान्स रिअलफील १२ इंची पॅड

शाळेत साइड ड्रम वाजवला, पण आता फ्लॅटमध्ये तो वाजवणार कुठे? इव्हान्स कंपनीचं दोन बाजूंचं रिअलफील पॅड, म्हणजे ड्रमऐवजी सरावाला वापरायची रबरी चकती, ही अडचण बरीचशी सोडवतं. एका बाजूला मऊ गम रबर, दुसऱ्या बाजूला कडक रबर. मऊ बाजूचा आवाज कमी येतो, पण पॅड थेट टेबलावर ठेवलंत तर ठोके खालच्या मजल्यापर्यंत पोचतात. ते स्नेअर स्टँडवर (ड्रम ठेवायच्या तिवईवर) बेंबीच्या जरा खाली बसवा आणि स्टँडच्या पायांखाली जाड चटईची घडी टाका.

खरी गोम उसळीत आहे. रबरावरून स्टिक आयती वर येते, त्यामुळे डबल स्ट्रोक रोल (प्रत्येक हाताचे आळीपाळीने दोन-दोन ठोके) पॅडवर सफाईदार वाटतो आणि ड्रमवर गेलं की दुसरा ठोका गळतो. उपाय जुनाच: तोच रोल उशीवर वाजवा. तिथे उसळी नसते, दुसरा ठोका बोटांनीच काढावा लागतो. मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) मिनिटाला ६० मात्रांवर, एका मात्रेत चार ठोके. दोन मिनिटं दोन्ही हातांचा आवाज सारखा राहिला तरच ६४ वर जा. घाई केली की मनगट आवळतं आणि डावा हात मागे पडतो.

डावा हात उताणा ठेवायची शाळेतली पकड गळ्यात तिरक्या लटकणाऱ्या ड्रमसाठी आहे. सपाट पॅडवर ती अवघडते. हवीच असेल तर पॅड उजवीकडे उतरतं ठेवा. स्टिक ५ए या मध्यम मापाची पुरे.

पथकात ताशा धरणाऱ्यांनी मात्र मऊ बाजूच्या नादी लागू नये. त्या बारीक काड्यांना कडक बाजूच बरी.