भिंतीवरचा नकाशा: जग नीट, घर कच्चं

साताऱ्यात राजपथावरच्या एका दुकानात वसाहतवाद आणि मूलनिवासी दाखवणारा रोलचा नकाशा मिळतो. नववी-दहावीच्या वर्गाला उपयोगी आहे.

जगाचा भाग चोख. मेक्सिकोत 1520 ची देवीची साथ वेगळ्या छटेत. न्यूझीलंडवर ब्रिटिश आणि तिथले मूलनिवासी माओरी यांच्यातला 1840 चा वैतांगीचा करार, आणि इंग्रजी मसुद्यात 'सार्वभौमत्व', माओरीत मात्र 'कारभार' असा फरक, हेही बारीक अक्षरात. भांडण तिथूनच पेटलं. शेजारचा ऑस्ट्रेलिया 'कुणाची नसलेली जमीन' ठरवून विनाकरार घेतलेला. ते तत्त्व कोर्टाने 1992 ला मोडलं.

भारत मात्र एकाच तपकिरी रंगात! इथे लोक मुख्यतः साथीने संपले नाहीत, जंगल कायदा, सारा आणि पोलिसी हजेरीने जखडले गेले. अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा नकाशात नाहीच. रामोशी थेट आदिवासींत टाकलेत. महाराष्ट्राच्या यादीत ते विमुक्त, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या, जातींत आहेत. इंग्रजांविरुद्ध उठलेले रामोशी नेते उमाजी नाईक यांची फाशी 1832 ची, म्हणजे कायद्याआधीची. शिकवताना ही सरमिसळ टाळा.

चकचकीत लॅमिनेशनमुळे खिडकीसमोर अक्षरं दिसत नाहीत. बाजूच्या भिंतीवर टांगा, खालची पट्टी जड हवी, नाहीतर कडा वळतात.