‘फक्त तुमच्यासाठी’ काढलेला प्लॅन दुसऱ्याच प्लॉटचा निघाला

चिपळूणला आई-अण्णांसाठी घर बांधायला घेतलं, तेव्हा प्लॅनच्या नावाखाली आमची फसवणूक झाली. ती इथे तपशिलात लिहिते आहे. घरबसल्या प्लॅन काढून देणाऱ्यांच्या जाहिराती रोज मोबाइलवर येतात, आणि नोकरीला मुंबई-पुण्यात पण घर गावाकडे बांधणारी माणसं त्यांना हमखास सापडतात.

जुलै 2021 च्या पुरात आमच्या जुन्या घराच्या भिंती गेल्या. नव्या घराकडून अपेक्षा साध्या होत्या. जोतं उंच हवं, पुढे पडवी हवी, आईचे गुडघे दुखतात म्हणून झोपायची खोली खालीच हवी, आणि पुन्हा पाणी आलं तर सामान चढवायला वर एक खोली. प्लॉट मात्र पुढे अरुंद, मागे रुंद, आणि मागच्या कोपऱ्यात विहीर.

घरबसल्या प्लॅन काढून देणाऱ्या एका कंपनीकडे आम्ही गेलो. तिचे दोन भाव होते. तयार प्लॅन 4,999 रुपयांना आणि ‘संपूर्ण कस्टम’ 48,000 ला. प्लॉट असा वेडावाकडा असल्यामुळे आम्ही कस्टमचे पैसे भरले. बोलणारे गृहस्थ स्वतःला आर्किटेक्ट म्हणवत होते. त्यांनी मोजणीचा नकाशा मागवून घेतला, आईचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. जागा बघायला कधी येणार असं विचारल्यावर म्हणाले, “मॅडम, गरज नाही, आम्ही सॅटेलाइटवर सगळं बघतो.”

आधी आलं ते रंगीत थ्रीडी चित्र. ते बघून घरात सगळे खूश झाले, आणि त्याच आनंदात उरलेले पैसेही मागून घेतले गेले. कामाचे नकाशे आले ते त्यानंतर.

परवानगीचं प्रकरण नगरपरिषदेत दाखल करण्यासाठी ते नकाशे आम्ही चिपळूणच्याच एका इंजिनिअरकडे नेले. त्यांनी कागद टेबलावर पसरले, मापं वाचली आणि अण्णांना म्हणाले, “काका, हा तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे. तुमचा नाही.” बेंगळुरूच्या लेआउटमध्ये 30 बाय 40 फूट हे ठरलेलं माप, आणि ऑनलाइन विकले जाणारे कितीतरी तयार प्लॅन त्याच मापावर काढलेले असतात. आमच्या प्लॉटवर तो चौकोन उचलून ठेवला होता. एका बाजूला हद्दीपासून नियमाप्रमाणे मोकळं सोडावं लागणारं सामासिक अंतर सुटत नव्हतं, आणि मागची सेप्टिक टाकी विहिरीला जवळजवळ खेटून होती. विहीर नकाशात दाखवलेलीच नव्हती.

मग त्यांनी उत्तर दाखवणाऱ्या बाणावर बोट ठेवलं. आमच्या प्लॉटचं तोंड पश्चिमेला. मूळ प्लॅन पूर्वेकडे तोंड असलेल्या घराचा. घरात काहीही न बदलता फक्त बाण फिरवला होता. त्यामुळे दिवाणखान्याच्या मोठाल्या खिडक्या थेट नैर्ऋत्येला आल्या, आणि त्यांच्यावर छज्जा जेमतेम वीतभर. कोकणातल्या आषाढात त्या बाजूने झड कशी येते हे इथल्या कुठल्याही गवंड्याला विचारा. पडवीच्या जागी चार फुटांची बाल्कनी होती. आणि पायाच्या तपशिलाशेजारी बारीक अक्षरात टीप होती, काळ्या मातीसाठी पाया इतका खोल घ्यावा. आमच्या प्लॉटवर हातभर खणलं की जांभा लागतो.

इथपर्यंतचं नुकसान पैशाचं. खरा धोका कॉलमच्या नकाशात होता. सगळे कॉलम 9 इंच बाय 9 इंच, सळ्यांना बांधणाऱ्या रिंगांची टोकं किती अंशात वळवायची याचा उल्लेख नाही, आणि खाली कुणा स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही नाही. कुंभार्ली घाट चढला की कोयना. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप अण्णांना अजून आठवतो. आयएस 1893 या भूकंपाबाबतच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत रत्नागिरी भूकंपाच्या चौथ्या झोनमध्ये गणली आहे. अशा ठिकाणी आयएस 13920 हे काँक्रीटच्या बांधकामाचं मानक लागू होतं. त्यात कॉलमची कुठलीही बाजू 300 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 12 इंचांपेक्षा, कमी चालत नाही, आणि रिंगांची टोकं 135 अंशात आत वळवावी लागतात. तो नकाशा जसाच्या तसा कंत्राटदाराच्या हातात गेला असता तर? हा विचार मला अजून अस्वस्थ करतो, कारण सगळीकडे काही कागद आधी इंजिनिअरच्या हातात जात नाहीत.

पूररेषेचा तर पत्ताच नव्हता. वाशिष्ठी नदीच्या काठाला पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणाऱ्या निळी रेषा आणि लाल रेषा ठरलेल्या आहेत. त्यांच्या संदर्भात प्लॉट कुठे येतो यावर बांधता येईल का आणि जोतं किती उंच घ्यायचं हे ठरतं. ‘कस्टम’ प्लॅनमध्ये जोतं होतं दोन फुटांचं.

शंका आल्यावर भावाने पीडीएफची माहिती उघडून पाहिली. फाइलच्या नावात दुसऱ्याच कुणाचं आडनाव होतं आणि तारीख आमच्या पहिल्या फोनच्या कितीतरी आधीची. त्याच कंपनीच्या तयार प्लॅनच्या यादीत तेच घर डावं-उजवं उलटं करून 4,999 ला विकायला ठेवलेलं सापडलं. विचारल्यावर उत्तर आलं की बदल हवे असतील तर ‘रिव्हिजन चार्जेस’ पडतील आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. त्या ‘आर्किटेक्ट’चा नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हापासून फोन बंद.

तयार प्लॅन घेणं यात गैर काही नाही, हे मुद्दाम सांगते. सरळ चौकोनी प्लॉट असेल, तयार प्लॅन तयार म्हणूनच विकला असेल, आणि पाया, कॉलम, छप्पर स्थानिक इंजिनिअर नव्याने काढून देणार असेल, तर पैसे वाचतात. सरकारने ग्रामीण घरांचे ‘पहल’ नावाचे नमुने केले, तेही त्या त्या भागातलं हवामान आणि बांधकामाचं साहित्य बघून वेगवेगळे केले. आमचा राग आहे तो 4,999 ची वस्तू 48,000 ला, खोटं बोलून गळ्यात मारण्यावर.

म्हणून पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागाच. आर्किटेक्ट्स ॲक्ट, 1972 प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नोंदणी क्रमांक ‘सीए’ने सुरू होतो आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या वेबसाइटवर नाव तपासता येतं. परवानगीच्या अर्जावर आणि स्ट्रक्चरल नकाशावर सही कोण करणार, हे लेखी घ्या. पहिला हप्ता देताना थ्रीडी चित्र मागू नका. मागा ते तुमच्या मोजणी नकाशावर बसवलेलं कच्चं रेखाटन, ज्यात विहीर, झाडं, रस्ता आणि चारी बाजूंची अंतरं दिसतात. ज्याने खरोखर तुमच्यासाठी काम केलंय त्याच्याकडे ते असतंच.

पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. आमच्या बाबतीत सेवा देण्यातली फसवणूक होती म्हणून आम्ही ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीला नोटीस गेली आहे. दरम्यान चिपळूणच्याच एका आर्किटेक्टने नवा प्लॅन काढला, पडवीसकट, आणि तो मंजुरीसाठी दाखल झाला आहे.

तुमच्याकडे असा प्लॅन आला असेल तर पीडीएफ आली तशीच ठेवा, नाव बदलून किंवा पुन्हा सेव्ह करून ठेवू नका. व्हॉट्सॲपवरची बोलणी, पैसे भरल्याच्या पावत्या आणि त्यांच्या यादीतल्या त्या घराचा तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. आम्ही तक्रार केल्यानंतर काही दिवसांतच ते घर त्यांच्या यादीतून गायब झालं.