सशांसाठी प्रोबायोटिक: बीजाणू, लॅक्टोबॅसिलस की यीस्ट?

सशाच्या खाद्यात मिसळायची प्रोबायोटिकं, म्हणजे पचनाला मदत व्हावी म्हणून दिले जाणारे जिवंत सूक्ष्मजीव, मुख्यतः तीन प्रकारची: बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक कवचातली सुप्त रूपं), लॅक्टोबॅसिलस-एन्टेरोकॉकससारखे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, आणि जिवंत यीस्ट. डब्यांवरचे दावे साधारण सारखेच असतात. सशाच्या पोटात गेल्यावर तिघांची गत वेगळी होते.

मोठ्या सशाच्या जठराचा पीएच १ ते २ इतका उतरतो, म्हणजे तिथे तीव्र आम्ल असतं. संरक्षक आवरण नसलेले लॅक्टोबॅसिलस बरेचसे तिथेच मरतात, आणि पेलेट (दाबून केलेल्या खाद्यगोळ्या) बनवतानाच्या वाफेतून वाचले असतील तरच तिथवर पोचतात. बीजाणूंना दोन्ही सोसतं. म्हणून पेलेटमध्येच मिसळायचं असेल तर माझा कौल सरळ बॅसिलस सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिसला. लॅक्टोबॅसिलस द्यायचेच असतील तर बिनक्लोरीनच्या ताज्या पाण्यातून, तेही पिल्लं दूध पीत असताना. त्या वयात जठर इतकं आंबट नसतं.

आता जिवंत पोचून ते करतात काय? सशाच्या चाऱ्यातल्या तंतूंचं पचन सीकममध्ये, म्हणजे अंधांत्रात, होतं. तिथे ऑक्सिजन न सोसणाऱ्या, तंतू फोडणाऱ्या जिवाणूंचं राज्य असतं आणि लॅक्टोबॅसिलस मुळातच नगण्य. त्यामुळे माणसांच्या कॅप्सूलला आलेला गुण सशाला येईल असं धरून चालू नये. बॅसिलसही तिथे घर करत नाही. सीकममधल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो, त्यातून थोडे बीजाणू परत आत जातात इतकंच. डोस थांबला की काही दिवसांत तेही ओसरतात. त्यामुळे द्यायचं तर रोज. फायदा झालाच तर तो पिल्लं आईपासून तोडल्यावरच्या आठवड्यांत, हगवण आणि मर कमी होण्यात दिसतो. वजनवाढीचे निकाल मात्र एकसारखे नाहीत.

यीस्ट ही बुरशी, त्यामुळे जिवाणूंवरची औषधं तिला मारत नाहीत. औषधांचा कोर्स चालू असेल तर तिघांत तीच निवडावी. रवंथ करणाऱ्या जनावरांत तिचं जेवढं नाव झालं, तेवढा ठाम परिणाम सशात दिसलेला नाही. आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा लिंकोमायसिन दिलं तर सीकममधली घडीच विस्कटते, क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मी हा विष सोडणारा जिवाणू माजतो आणि ससा दगावू शकतो. तिथे कोणत्याही पुडीवर विसंबू नका.

गवतावर मजेत असलेल्या मोठ्या सशाला यातलं काहीच लागत नाही. पिल्लांच्या खाद्यात तंतू कमी आणि स्टार्च जास्त असेल, तर पैसे आधी ते खाद्य सुधारण्यात घाला.

विकत घेताना स्ट्रेनचा (जिवाणूच्या नेमक्या वाणाचा) क्रमांक आणि मुदत संपेपर्यंतची जिवंत संख्या छापलेली आहे का, ते पाहा. बॅसिलस सेरियसचा टोयोई हा स्ट्रेन युरोपात सशांसाठी मंजूर होता. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं पसरतील या शंकेने २०१३ मध्ये ती मंजुरी स्थगित झाली. नुसतं 'बॅसिलस' छापलेली पुडी मी तरी घेणार नाही.